हाजी बेकिर : तुर्की मिठाई लोकूम जगभर पोचवणारा हलवाई (माहिती व पाठ)



आजचा लेख एका हलवायावर आहे. आपण वर्गात राजे, संत, शास्त्रज्ञ, समाजसुधारक यांची चरित्रं नेहमीच सांगतो. हलवायाचं चरित्र सहसा कोणी सांगत नाही. मीही सांगितलं नसतं, पण माझ्या चौथीच्या वर्गातल्या एका डब्यामुळे ते सांगावं लागलं. त्यात माझ्याकडून एक चूकही झाली. ती चूक आणि ती कशी सुधारली हे शेवटी सांगते, कारण मला वाटतं आपल्यापैकी बऱ्याच जणांकडून ती नकळत होत असते.

झालं असं की वर्गातल्या एका मुलाचा मामा दुबईला कामाला आहे. तो सुट्टीवर आला तेव्हा मिठाईचा डबा घेऊन आला. मुलाने तो वाढदिवसाला वर्गात आणला. डब्यात गुलाबी, पिवळे, पांढरे चौकोनी तुकडे होते, वर पिठीसाखर भुरभुरलेली. बोटाने दाबलं की दबायचे आणि सोडलं की परत वर यायचे. मुलांना फार गंमत वाटली. पण एक मुलगा हात मागे घेऊन बसला. असली जेली जनावरांच्या हाडांपासून करतात असं त्याने कुठेतरी ऐकलं होतं. त्याच्या घरी माळकरी मंडळी. मग आणखी तिघा-चौघांनी हातातले तुकडे खाली ठेवले. डबा आणणाऱ्या मुलाचा चेहरा अगदी उतरला.

मी डबा हातात घेऊन बाजूला छापलेले घटक मोठ्याने वाचले. साखर, स्टार्च, पाणी, सायट्रिक आम्ल, गुलाबाचा अर्क, पिस्ते. हाडाचा किंवा जनावराचा कुठलाही पदार्थ त्यात नव्हता. मुलं निर्धास्त झाली आणि डबा पाच मिनिटांत रिकामा झाला. त्यानंतर प्रश्न सुरू झाले. हे काय आहे, कुठलं आहे, कोणी शोधलं?

लोकूम म्हणजे काय?

या मिठाईचं तुर्की नाव लोकूम. इंग्रजीत तिला टर्किश डिलाइट म्हणतात. लोकूम हा शब्द एका जुन्या अरबी नावावरून आला आहे. राहत-उल-हुल्कूम असं ते नाव. राहत म्हणजे आराम, हा शब्द आपल्याही कानावरचा आहे. हुल्कूम म्हणजे घसा. घशाला आराम देणारी ती मिठाई, असा अर्थ झाला. बोलता बोलता नाव झिजलं आणि लोकूम एवढंच राहिलं.

पारंपरिक लोकूमचे मुख्य घटक अगदी थोडे आहेत :

१) साखर
२) पाणी
३) स्टार्च, म्हणजे धान्याचं सत्त्व. पूर्वी गव्हाचं वापरत, आता बहुतेक ठिकाणी मक्याचं, म्हणजे आपलं कॉर्नफ्लोर
४) थोडा आंबट पदार्थ, जसं लिंबाचा रस, सायट्रिक आम्ल किंवा क्रीम ऑफ टार्टर
५) वासासाठी गुलाबपाणी, लिंबू, संत्रं किंवा मस्तकी
६) आवडीप्रमाणे पिस्ते, हेझलनट, अक्रोड, बदाम

यातल्या मस्तकीबद्दल मुलांना जरूर सांगावं. तो एका झुडपाचा डिंक आहे. ग्रीसच्या किऑस बेटाच्या दक्षिण भागातली मस्तकी प्रसिद्ध आहे. झाडाच्या सालीला बारीक चिरा देतात, त्यातून थेंब बाहेर येतात आणि सुकून खड्यासारखे होतात. तुर्की भाषेत मस्तकीला साकीझ म्हणतात आणि चघळायच्या गमलाही तोच शब्द आहे.

पारंपरिक लोकूममध्ये जिलेटिन नसतं. ते स्टार्चमुळे घट्ट होतं. काही कारखान्यांची स्वस्त जेली मिठाई मात्र जिलेटिन घालून केलेली असते. म्हणून पालकांनी डब्यावरचे घटक वाचायची सवय ठेवावी आणि मुलांनाही लावावी. ज्यांना सुक्यामेव्याची अॅलर्जी आहे त्यांनी तर नक्कीच वाचावं.

आता ज्यांच्या नावाशी ही मिठाई कायमची जोडली गेली त्या माणसाकडे वळू.

अराचहून इस्तंबूलला

त्यांचं नाव बेकिर. तुर्कस्तानच्या उत्तरेला, काळ्या समुद्राच्या बाजूला कास्तामोनू नावाचा डोंगराळ, जंगलांचा प्रांत आहे. त्यातलं अराच हे त्यांचं गाव. तिथून इस्तंबूल सुमारे ५०० किलोमीटर. आजच्यासारखे रस्ते तेव्हा नव्हते. घोडा, खेचर, बैलगाडी नाहीतर पायी, असाच प्रवास असायचा. गावाकडून मोठ्या शहरात पोट भरायला जाणं हे आपल्याला नवीन नाही. कोकणातून, घाटावरून मुंबईला गेलेली माणसं प्रत्येकाच्या नात्यात असतात. बेकिर यांचीही वाट तीच.

इस्तंबूल तेव्हा उस्मानी साम्राज्याची राजधानी होतं. त्याला ऑटोमन साम्राज्यही म्हणतात. युरोप, आशिया आणि आफ्रिका या तिन्ही खंडांत ते पसरलेलं होतं. या शहरात बेकिर यांनी मिठाईचं छोटं दुकान काढलं. त्यांच्या घराण्याचं दुकान स्थापनेचं वर्ष १७७७ असं सांगतं. मुलांना काळ कळावा म्हणून सांगते, आपल्याकडे तेव्हा सवाई माधवराव पेशवे अगदी लहान होते आणि नाना फडणवीस कारभार पाहत होते. अमेरिकेने स्वातंत्र्य जाहीर करून एकच वर्ष झालं होतं.

दुकान बाहचेकापी नावाच्या भागात होतं. या नावाची गंमत मुलांना फार आवडते. बाहचे म्हणजे बगीचा. आपला बगीचा आणि त्यांचा बाहचे हे दोन्ही शब्द मूळ फारसीतून आले आहेत. कापी म्हणजे दरवाजा. म्हणजे बागेचा दरवाजा. हा भाग बंदराजवळ आहे. मसाल्याचा प्रसिद्ध जुना बाजार आणि येनी जामी ही मोठी मशीद जवळच. जहाजातून उतरलेला माणूस, बाजाराला आलेला माणूस, नमाजाला आलेला माणूस, सगळे त्याच रस्त्याने जायचे. दुकानासाठी याहून चांगली जागा शोधून मिळाली नसती.

उस्ता आणि शागीर्द

त्या काळात इस्तंबूलमध्ये कोणीही उठून दुकान काढू शकत नव्हतं. प्रत्येक धंद्याचा एक संघ असायचा. आपल्याकडच्या जुन्या श्रेणीसारखा. नवीन मुलगा आधी शिकाऊ म्हणून कामाला लागायचा. झाडलोट, भांडी घासणं, पाणी भरणं, लाकडं फोडणं. मग तो कारागीर व्हायचा. बऱ्याच वर्षांनी संघाची मान्यता मिळाली की तो उस्ता व्हायचा. उस्ता म्हणजे आपला उस्ताद, शब्द एकच. मालात भेसळ झाली, वजन कमी भरलं तर संघाकडून आणि सरकारकडून शिक्षा व्हायची. म्हणजे भट्टीपुढे बसणाऱ्या माणसाच्या मागे शिकवणाऱ्यांची मोठी रांग उभी असायची. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

हाजी हे नाव कसं पडलं?

बेकिर पुढे मक्केची यात्रा करून आले. जो मुसलमान हज यात्रा करून येतो त्याला आदराने हाजी म्हणतात. म्हणून बेकिर एफेंदी हे हाजी बेकिर झाले. एफेंदी हे आपल्या रावसाहेबांसारखं मानाचं संबोधन. लोकांच्या तोंडी हाजी बेकिर हेच नाव बसलं आणि दुकानाचंही तेच झालं.

दुकानात काय मिळायचं?

लोकूमच्या आधीपासून तुर्की लोकांना गोडाचं वेड होतं. हाजी बेकिर यांच्या दुकानाचं नाव लोकूमइतकंच आकिदे नावाच्या गोळ्यांसाठीही घेतलं जातं. आकिदे म्हणजे पाक आटवून केलेल्या कडक, काचेसारख्या चमकदार गोळ्या. कोणी दालचिनीच्या, कोणी लिंबाच्या, कोणी तीळ लावलेल्या. या आकिदेला मान होता. सुलतानाच्या यानिसारी सैनिकांना पगार मिळाला की ते वजिराला आकिदे भेट द्यायचे. आम्ही समाधानी आहोत, तुमच्याशी एकनिष्ठ आहोत, असा त्याचा अर्थ. गोळ्या आल्या नाहीत तर वजिराने समजायचं की सैन्यात काहीतरी धुमसतंय!

साखर लावलेले बदामही तिथल्या हलवायांकडे मिळायचे. आपण संक्रांतीला तिळाला पाकाचे काटे आणून हलवा करतो, त्यातलाच हा बदामाचा प्रकार म्हणा.

साखर आली आणि मिठाई बदलली

आधीच्या काळात घरोघरी गोड पदार्थ मध, द्राक्षांचा आटवलेला रस आणि पीठ यांचे व्हायचे. द्राक्षांच्या या दाट रसाला तिथे पेकमेज म्हणतात. आपल्या काकवीसारखा तो दिसतो. त्याची मिठाई चवीला चांगली, पण रंगाने काळपट आणि चिकट. पिठामुळे ती जडही व्हायची.

अठराव्या शतकाच्या शेवटी आणि एकोणिसाव्या शतकात शुद्ध पांढरी साखर जास्त प्रमाणात मिळायला लागली. ती शंकूसारख्या मोठ्या ढेपेच्या आकारात यायची, हलवाई ती फोडून वापरायचे. आणि पिठाच्या जागी वापरलं गेलं धान्याचं सत्त्व. साखर आणि सत्त्व या जोडीने मिठाई पारदर्शक झाली, हलकी झाली, गुलाबाचा रंग तिच्यात उठून दिसू लागला. आज आपण जो लोकूम बघतो तो या बदलातून आला आणि हाजी बेकिर यांचं नाव या बदलाशी जोडलेलं आहे.

इथे दोन शब्द मुलांना नक्की दाखवा. पहिला साखर. संस्कृत शर्करा, फारसी शकर, अरबी सुक्कर, तुर्की शेकेर आणि मराठी साखर. ऊस आणि साखरेची विद्या भारतातून पश्चिमेला गेली आणि शब्दही बरोबर गेला. इस्तंबूलच्या हलवायाच्या पाटीवरच्या शेकेरजी या शब्दात आपली साखर बसलेली आहे.

दुसरा शब्द स्टार्चसाठीचा. तुर्कीत त्याला निशास्ता म्हणतात. तो फारसीतून आला आणि त्याचा अर्थ आहे बसवलेलं, म्हणजे तळाला बसू दिलेलं. असं नाव का? याचं उत्तर आपल्या आई-आजीला विचारा. उन्हाळ्यात कुरडया करायच्या तर गहू तीन दिवस भिजवतात, वाटतात, गाळतात आणि ते दूध रात्रभर ठेवून देतात. सकाळी वरचं पाणी ओतून टाकलं की तळाशी पांढराशुभ्र चीक बसलेला असतो. तोच हा निशास्ता. गव्हाचा चीक! त्यामुळे जुन्या लोकूमचा मुख्य घटक आपल्या मराठी घरात दर उन्हाळ्यात तयार होतो, फक्त आपण त्यात साखरेऐवजी मीठ घालतो.

लोकूम कसा करतात?

१) मोठ्या तांब्याच्या कढईत साखर आणि पाणी उकळत ठेवतात. त्यात थोडा आंबट पदार्थ घालतात.
२) स्टार्च थंड पाण्यात कालवून घेतात. गरम पाकात कोरडा टाकला तर गुठळ्या होतात, हे चीक शिजवणाऱ्या कोणालाही सांगायला नको.
३) दोन्ही एकत्र करून मंद आचेवर ढवळत राहतात. तासभर, दोन तास. हात थांबला की तळाला लागतं.
४) मिश्रण दाट, चकचकीत झालं आणि कढईच्या कडा सोडायला लागलं की गुलाबपाणी, सुकामेवा घालतात.
५) स्टार्च भुरभुरलेल्या लाकडी ताटात ओततात आणि सावकाश गार होऊ देतात. साधारण एक दिवस तरी.
६) मग सुरीने चौकोनी तुकडे कापून पिठीसाखर आणि स्टार्चमध्ये घोळवतात, म्हणजे ते एकमेकांना चिकटत नाहीत.

घरच्या प्रमाणात साधारण चार वाट्या साखरेला एक वाटी कॉर्नफ्लोर घेतात. घरी करायचं असेल तर मोठ्या माणसांनीच करावं. उकळता पाक अंगावर उडाला तर पाण्यापेक्षा कितीतरी वाईट भाजतं. मुलांना कापायला आणि घोळवायला द्यावं.

यातलं विज्ञान

स्टार्चचे कण पाण्यात गरम झाले की पाणी शोषून फुगतात, फुटतात आणि त्यांची जाळी तयार होते. गार झाल्यावर ती जाळी पाणी आणि साखर धरून ठेवते. म्हणून तुकडा दाबला तरी परत वर येतो.

आंबट कशाला घालायचं? नुसती साखर आटवली तर गार झाल्यावर तिचे खडे होतात, खडीसाखर होते तशी. आम्लामुळे थोडी साखर फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज या दोन साखरा तयार होतात. त्या मध्ये आल्या की मोठे खडे जमत नाहीत आणि मिठाई मऊ राहते. आपल्याकडे गुलाबजामच्या पाकात लिंबू पिळतात ते याचसाठी. जुन्या हलवायांना ही रसायनं माहीत नव्हती, पण किती पिळायचं ते हाताला माहीत होतं.

राजवाड्याचे मुख्य हलवाई

हाजी बेकिर यांची कीर्ती राजवाड्यापर्यंत गेली. १८०८ ते १८३९ या काळात सुलतान दुसरा महमूद गादीवर होता. त्याच्या काळात हाजी बेकिर यांना राजवाड्याचे मुख्य हलवाई, शेकेरजीबाशी, हा मान मिळाला. अराचसारख्या लहान गावातून आलेल्या कारागिरासाठी ही केवढी मोठी गोष्ट होती! तरी बाहचेकापीचं दुकान बंद झालं नाही. राजवाड्यात जाणारी मिठाई रस्त्यावरच्या गिऱ्हाइकालाही मिळत राहिली.

माल्टा बेटावरून आलेला आमादेओ प्रेझिओसी नावाचा चित्रकार एकोणिसाव्या शतकात इस्तंबूलमध्ये राहत होता. त्याने शहरातले बाजार, कॉफीखाने, माणसं जलरंगात रंगवली. त्याचं मिठाईच्या दुकानाचं एक चित्र हाजी बेकिर यांच्या दुकानाचं म्हणून ओळखलं जातं. राजांची चित्रं सगळेच काढून घेतात. हलवायाचं दुकान चित्रात यावं हे मला विशेष वाटलं.

सुलतानाच्या दाताची गोष्ट

लोकूमबद्दल एक गोष्ट सगळीकडे सांगतात. एका सुलतानाचा दात म्हणे कडक गोळी खाताना दुखावला. तो चिडला आणि मऊ मिठाई करून आणा असा हुकूम सोडला. मग हाजी बेकिर यांनी लोकूम करून दाखवला. दुसऱ्या एका गोष्टीत सुलतानाला आपल्या राण्यांना खूश करायचं असतं म्हणून तो नवीन मिठाई मागतो.

गोष्ट ऐकायला छान आहे. मुलं हसतात. पण तिला पुरावा नाही. सांगायचीच तर दंतकथा म्हणून सांगावी, इतिहास म्हणून नाही. आणि माझी चूक नेमकी इथेच झाली.

माझी चूक

त्या दिवशी डबा रिकामा झाल्यावर मी मोबाईलवर पटकन शोधलं आणि मुलांना सांगून टाकलं की हाजी बेकिर नावाच्या माणसाने ही मिठाई शोधून काढली. दाताची गोष्टही सांगितली. फळ्यावर लिहिलंसुद्धा. मुलांनी वहीत उतरवून घेतलं.

मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. ती फार बोलत नाही. तिची आई उन्हाळ्यात कुरडया-पापड करून विकते. तिने विचारलं की मग त्यांना कोणी शिकवलं? मी म्हटलं, त्यांनी स्वतःच शोधलं. ती बसली, पण तिचं समाधान झालं नव्हतं हे चेहऱ्यावर दिसत होतं. कढईसमोर कोणीतरी शिकवावं लागतं हे तिला घरातून माहीत होतं.

रात्री मी नीट वाचायला बसले. तेव्हा कळलं की स्टार्च आणि गोडवा एकत्र शिजवून केलेली मिठाई हाजी बेकिर यांच्या कित्येक शतकं आधीपासून होती. बगदादमध्ये दहाव्या शतकात इब्न सय्यार अल-वर्राक याने लिहिलेल्या पाककृतींच्या ग्रंथात फालूदज नावाचा पदार्थ आहे. स्टार्च आणि मध किंवा साखर घालून आटवलेला दाट गोड पदार्थ. या शब्दाचं मूळ फारसी रूप पालूदा, आणि त्याच घराण्यातला शब्द म्हणजे आपला फालुदा! पदार्थ बदलत गेला, पण नाव आपल्या चौकातल्या आइसक्रीमच्या दुकानापर्यंत आलं. खाद्येतिहासाचे अभ्यासकही लोकूमचा एकमेव शोधक म्हणून हाजी बेकिर यांचं नाव घ्यायला तयार नाहीत.

मग हाजी बेकिर यांचं मोठेपण कशात? मला जे समजलं ते असं. त्यांनी हाती आलेला जुना पदार्थ चांगल्या साखरेचा, चांगल्या सत्त्वाचा करून विकला. त्याचा दर्जा इतका सांभाळला की राजवाड्याने त्यांना बोलावलं. आणि मागे असं दुकान ठेवलं की पुढच्या पिढ्यांनी ते चालवलं. पहिला कोण हे सांगता येत नाही. पण ज्याच्या नावावर लोक डोळे मिटून विश्वास ठेवू लागले तो माणूस सांगता येतो.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात गेले आणि कालचं वाक्य फळ्यावर परत लिहिलं. मग त्यातला शोधून काढली हा भाग खोडला आणि त्याजागी सुधारली व प्रसिद्ध केली असं लिहिलं. बाईंचं चुकलं होतं, असं मुलांना स्पष्ट सांगितलं. वर्ग एकदम शांत झाला. बाई चुकल्या म्हणतात हे त्यांच्यासाठी नवीन होतं. मला सुद्धा सोपं गेलं नाही, खोटं कशाला सांगू. मग मी त्या मुलीला उभं केलं आणि सांगितलं की तिच्या प्रश्नामुळे आपल्याला खरी गोष्ट कळली. त्या दिवसापासून ती प्रश्न विचारायला लागली आहे. एवढ्या एका गोष्टीसाठी मला माझी चूक चालेल.

हाजी बेकिर यांच्यानंतर

त्यांच्यामागे मुलगा मेहमेद मुहिद्दीन यांनी दुकान सांभाळलं. त्यानंतर घराण्यातले अली मुहिद्दीन यांनी ते खूप वाढवलं. युरोपातल्या प्रदर्शनांत या घराण्याच्या मिठाईला पदकं मिळाली. आजही दुकान अली मुहिद्दीन हाजी बेकिर या नावाने चालतं. हे अली मुहिद्दीन फेनरबाहचे या इस्तंबूलच्या नामांकित क्लबचे अध्यक्षही होते. फुटबॉल बघणाऱ्या मुलांना हे सांगितलं की त्यांचे कान टवकारतात.

लोकूम तुर्कस्तानबाहेर गेला तो व्यापारी आणि प्रवाशांबरोबर. ग्रीसमध्ये तो लुकूमी झाला, रुमानियात राहत, बोस्नियात राहत लोकूम. सायप्रसच्या येरोस्किपू गावच्या लुकूमीला २००७ साली युरोपीय संघाचं भौगोलिक मानांकन मिळालं, जसं आपल्याकडे नागपूरच्या संत्र्याला आहे. इंग्लंडमध्ये तो इतका लाडका झाला की चार्ल्स डिकन्सच्या १८७० सालच्या शेवटच्या, अपुऱ्या राहिलेल्या कादंबरीत तो येतो. १९५० साली सी. एस. लुईस यांनी नार्नियाची पहिली गोष्ट लिहिली. तिच्यात एडमंड नावाचा मुलगा याच मिठाईच्या मोहात पडून आपल्या भावंडांना दगा देतो. सिनेमा पाहिलेल्या मुलांना हा प्रसंग लगेच आठवतो.

आणि बाहचेकापीचं दुकान? ते अजून आहे. तुर्कस्तानातल्या सर्वात जुन्या दुकानांपैकी एक. रमजान ईदला तिथले लोक साखरेची ईदही म्हणतात. मुलं मोठ्यांच्या हाताचं चुंबन घेतात आणि मोठी माणसं त्यांना मिठाई देतात. गोड खाऊ या आणि गोड बोलू या, अशा अर्थाची एक म्हण तुर्की लोकांत आहे. हे वाचलं तेव्हा मी चकितच झाले. संक्रांतीला तिळगूळ देताना आपण तरी दुसरं काय म्हणतो?

वर्गासाठी उपक्रम

१) नकाशात इस्तंबूल, कास्तामोनू, काळा समुद्र आणि किऑस बेट शोधा.
२) घरातल्या कोणत्याही तीन पाकिटांवरचे घटक वाचून वहीत लिहा. त्यात स्टार्च किंवा जिलेटिन आहे का ते पाहा.
३) एका ग्लासात पाण्यात कालवलेलं कॉर्नफ्लोर तासभर ठेवा. तळाला काय बसलं ते पाहा. (निशास्ता!)
४) आई, आजी किंवा शेजारच्या काकूंना एक पदार्थ कोणी शिकवला ते विचारा. त्यांना शिकवणाऱ्याला कोणी शिकवलं तेही विचारा. जितकं मागे जाता येईल तितकं जा.

सरावासाठी प्रश्न

१) लोकूम या शब्दाचा मूळ अर्थ काय?
२) लोकूम आणि कुरडई यांत कोणता घटक सारखा असू शकतो?
३) पाकात आंबट पदार्थ का घालतात?
४) शोध लावणे आणि सुधारणा करणे यांत काय फरक आहे? एक उदाहरण द्या.
५) दंतकथा आणि इतिहास कसा ओळखाल?

शब्दार्थ

सत्त्व – धान्याचा सार, स्टार्च
उस्ता – कसलेला कारागीर, उस्ताद
शेकेरजी – मिठाई करणारा, हलवाई
मस्तकी – एका झुडपाचा सुगंधी डिंक
दंतकथा – पुराव्याशिवाय लोकांत चालत आलेली गोष्ट

पालकांना एक विनंती. ही मिठाई जवळजवळ सगळी साखरच आहे, तेव्हा एक-दोन तुकडे पुरे आणि नंतर चूळ भरायला लावा. आणि मुलाने विचारलं की हे पहिल्यांदा कोणी केलं, तर पटकन एक नाव सांगून मोकळे होऊ नका. दोघं मिळून शोधा.

आपल्या वर्गात हा पाठ घेतला तर मुलांनी कोणते प्रश्न विचारले ते मला जरूर कळवा.